जास्तीचा उजेड

चाचांचा फोटो मी पहिल्यांदा गुपचूप दुरुस्त केला, तो एका निकाहचा होता. नवरदेव पांढऱ्या शेरवानीत, मागे मोगऱ्याच्या माळा, आणि फोटोत शेरवानी कुठे संपते आणि माळा कुठे सुरू होतात ते कळतच नव्हतं. बटणं नव्हती, कॉलर नव्हती. नुसता एक चेहरा पांढऱ्यात तरंगत होता. मी कॉम्प्युटरवर त्या फोटोचा उजेड कमी केला. बटणं परत आली, मोगऱ्याच्या कळ्या सुट्या दिसायला लागल्या. दोन मिनिटांचं काम. चाचा तेव्हा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. ते जिना चढून वर आले तोवर मी पुढच्या फोटोवर पोचले होते. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे, असंही मला वाटलं नाही.

चाचा माझ्या नात्यातले नव्हते. जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत, कापडाच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ लागे. पनवेल-उरणकडच्या कोकणी मुसलमानांचे निकाह, आगरी-कोळ्यांच्या हळदी, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, हे सगळं त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं होतं. मी सुकापूरची. बीकॉम होऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात दिवसभर ट्रकचे नंबर टाइप करत बसायचे. निकाहमध्ये बायकांच्या बाजूला फोटो काढायला चाचांना एक बाई हवी होती, आणि माझ्या मैत्रिणीने मला त्यांच्याकडे नेलं. चाचांनी माझ्या मोबाइलमधले फोटो बघितले, एक-दोन परत मागे जाऊन बघितले, आणि म्हणाले, "नजर आहे. बाकीचं शिकवता येतं."

पहिला धडा त्यांनी चाचींना मॉडेल करून दिला. त्यांना काळा बुरखा घालून भिंतीजवळ उभं केलं आणि मला कॅमेऱ्याच्या मनाने फोटो काढायला सांगितला. फोटोत बुरखा मळकट राखाडी आला. मग चाचींनी पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली. ती पण राखाडी आली.

"बघितलंस?" चाचा म्हणाले. "कॅमेरा बेवकूफ आहे, बेटा. त्याला वाटतं, दुनियेत सगळं राखाडीच असतं. काळं समोर आलं तर तो उजेड वाढवतो, पांढरं आलं तर कमी करतो. आपण त्याच्या उलट वागायचं. काळ्याला उजेड कमी, पांढऱ्याला जास्त. आणि मीटर काय बोलतो ते ऐकायचं, पण निकाल आपल्या डोळ्याने द्यायचा."

चाची ओढणी काढत म्हणाल्या, "झालं का तुमचं? माझी भाकरी करपतेय."

निकाल आपल्या डोळ्याने द्यायचा, यावर चाचांचं सगळं काम उभं होतं. आजकालच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागे एलईडीची भिंत असते. तिच्यावर फुलपाखरं, झरे, नवरा-नवरीची नावं फिरत असतात. पुढे दोघांच्या तोंडावर जांभळा झोत. भिंतीचा उजेड धरला तर माणसं काळी पडतात, माणसांचा धरला तर भिंत फुटते, म्हणजे नुसती पांढरी होते. तरुण फोटोग्राफर अशा ठिकाणी दहा-दहा फोटो काढून त्यातला एक ठेवतात. चाचा कॅमेरा उजव्या डोळ्याला लावायचे, डावा मिटायचे, अंगठ्याने उजेडाची चक्री दोन घरं फिरवायचे आणि एकच फोटो काढायचे. तो बरोबर असायचा. दुसऱ्या स्टुडिओचे लोकसुद्धा त्यांच्या मागे उभे राहून त्यांची सेटिंग चोरून बघत.

म्हणून त्या शेरवानीच्या फोटोचं मला नवल वाटलं, एवढंच. अंगठा चुकून फिरला असेल.

पुढच्या आठवड्यात एका हळदीचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. तेही उजळ. पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली भर दुपारी काढलेले, आणि नवरीच्या गालावरची हळद दिसायच्या ऐवजी गाल चकाकत होते. आमच्या धंद्यात उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला म्हणतात. हे फोटो जवळजवळ एक स्टॉप जास्त होते. एक-दोन नाही, सगळे. मी सगळे निवडले आणि एकदम खाली आणले. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये तसेच ठेवले, दुरुस्त केलेले दुसऱ्यात. पहिल्याचं नाव "चाचा मूळ", दुसऱ्याचं "चाचा ठीक". अल्बम "ठीक"मधून गेला. हळदवाले खूश होते.

त्यानंतर मी त्याची सवयच लावून घेतली. फंक्शन झालं की चाचा कार्ड माझ्या हातात देत, मी फोटो उतरवत असे, उजेड खाली आणत असे, आणि चाचा संध्याकाळी तयार अल्बमची पानं बघायला बसत. बघताना म्हणत, "थोडे डार्क येतायत गं हल्ली. स्क्रीन जुनी झाली." एक दिवस त्यांनी नवीन स्क्रीन आणली. मग स्टुडिओतल्या ट्यूब बदलल्या. त्यानंतर हॉलवाल्यांवर राग काढायला लागले. "लाइटच लावत नाहीत हे लोक. अंधारात लग्न लावतात." मी मान डोलवायचे. ज्या हॉलबद्दल ते बोलत होते, तिथे इतका उजेड होता की मला डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली होती.

मला कधी कळलं? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. खरं उत्तर असं की शेरवानीच्या फोटोनंतर दोन-तीन महिन्यांत मला कळलं होतं. नाव माहीत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळलं होतं. चाचा चहाचा कप टेबलावर ठेवताना आधी बोटांनी टेबलाची कड चाचपायला लागले होते. जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागले होते. आणि त्यांच्या ग्रुप फोटोंत डाव्या टोकाचा माणूस कापला जायला लागला. कधी अर्धा खांदा, कधी पूर्ण माणूस. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेच्या साठ-साठ मुलांच्या रांगा एका फोटोत बसवल्या, त्याला डावीकडची आत्या दिसत नव्हती.

आणि मी काय केलं? ग्रुप फोटोच्या वेळी मीही शेजारी उभी राहून एक फोटो काढून ठेवायला लागले. अल्बममध्ये माझा घालायचा, त्यांचा बाजूला ठेवायचा. त्यांना कळू नये म्हणून त्याचे रंग त्यांच्या रंगांसारखे करायचे. यात मला थोडा अभिमानही वाटत होता, हे आता लिहिताना लाज वाटते. ज्यांनी मला ट्रकच्या नंबरांतून बाहेर काढलं, त्यांची मी इज्जत राखते आहे असं मी स्वतःला सांगत होते.

आपट्याला नदीकाठी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. मुलगा-मुलगी, मुलीची एक मावशी आणि आम्ही दोघं. पाताळगंगेवर ऊन कललं होतं, सूर्य जोडप्याच्या बरोबर मागे, आणि पाण्यावरून सगळा उजेड उलटा डोळ्यांवर येत होता. मुलगा पांढऱ्या कुर्त्यात. असा उजेड म्हणजे चाचांच्या हातचा मळ. चेहरे जरासे सावलीत ठेवायचे, केसांच्या कडांना सोनेरी रेघ येऊ द्यायची, पाण्यातली चमक थोडी फुटली तर फुटू द्यायची. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्या दिवशी ते चक्री फिरवतच राहिले. मी माझ्या कॅमेऱ्यात बघितलं, मग त्यांच्या स्क्रीनवर डोकावले. माझ्यापेक्षा तीन स्टॉप वर. म्हणजे आठपट उजेड. त्यांच्या स्क्रीनवर नदी नव्हती, पलीकडचा काठ नव्हता, मुलाचा कुर्ता नव्हता. पांढऱ्या कागदावर कुणीतरी दोन चेहरे पुसट काढावेत तसं होतं.

"चाचा, पांढरं सगळं जातंय," मी हळू म्हणाले.

"तुझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस बघ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, खात्री होती. "उलटा उजेड आहे. चेहरे उघडायला नकोत?"

मग फ्रेम मोठी घ्यायची म्हणून ते कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकले. घाटाच्या पायऱ्या होत्या तिथे. त्यांनी डावा पाय मागे टाकला, जिथे पायरी नव्हती. ते गुडघ्यावर आपटले, एक हात पाण्यात गेला, कॅमेरा मात्र दुसऱ्या हाताने वर धरलेला. आम्ही सगळे धावलो. "पाय घसरला," ते हसून म्हणाले. "शेवाळ आहे." मी खाली बघितलं. पायरी कोरडी होती. दगड उन्हाने तापलेला होता.

मुलीची मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने मला मोठ्याने विचारलं, "यांना दिसत नाय काय गो?"

 चाचा रुमालाने कॅमेरा पुसत होते. त्यांचा हात थांबला. मला आजही वाटतं, त्या क्षणी ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"तसं नाही मावशी," मी म्हणाले. "ऊन डोळ्यांवर येतंय ना समोरून."

चाचांनी परत कॅमेरा पुसायला सुरुवात केली.

परतताना गाडी तेच चालवत होते. आपटा फाट्याला गोवा हायवेला लागलो तेव्हा सूर्य गेला होता, पण अंधार झाला नव्हता. गाड्यांचे दिवे लागले होते आणि आकाश अजून उजळ होतं, तसली वेळ. चाचा नेहमी गाडीत बोलत. पुढचं फंक्शन, लेन्स, चाचींच्या तक्रारी. त्या दिवशी गप्प होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि मान जरा पुढे काढली होती. कर्नाळ्याच्या जंगलातून जाताना झाडांची सावली रस्त्यावर आली तशी त्यांनी गाडी अगदी हळू केली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

पळस्प्याच्या अलीकडे डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक मोटारसायकल वर आली. मागे एक बाई बसलेली, तिच्या मांडीवर मूल. हेडलाइट चालू होता. मला ती लांबूनच दिसली. चाचांना दिसली असेल म्हणून मी काही बोलले नाही. गाडी हळू होईना. मग मी किंचाळले.

चाचांनी ब्रेक दाबला. मोटारसायकलवाल्याने आमच्या बॉनेटला वळसा घातला, त्या बाईच्या ओढणीचं टोक काचेवरून सरकत गेलं. तो माणूस थांबलासुद्धा नाही. बाईने फक्त वळून बघितलं, मूल छातीशी धरलेलं.

चाचांनी गाडी बाजूला घेतली.  शेजारून कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरबरोबर आमची गाडी हलत होती. मग त्यांनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"डोळ्यात कचरा गेलाय," ते म्हणाले. "तू चालव."

मी चालवली. लायसन्स होतं, हायवेचा अनुभव नव्हता. पनवेलपर्यंत ते डोळा चोळत बसले होते. कचरा गेलेला नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे बहुतेक त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या दारात मी गाडी लावली. चाचींनी वरून विचारलं, "कसं झालं काम?" आणि आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं, "छान झालं."

त्यानंतरही मी दीड महिना काही बोलले नाही. गाडी मात्र मी चालवायला लागले. "मला सराव होऊ दे," असं सांगून.

शेवटी बोलणं झालं ते एका म्हातारीमुळे. उरणच्या एका घरातला निकाह होता. नवरीची दादी व्हीलचेअरवर आली होती, कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडली होती. मी त्या दिवशी बायकांच्या खोलीत अडकले होते. स्टेजवरचे सगळे ग्रुप फोटो चाचांनी एकट्याने काढले. पंधरा दिवसांनी नवरीचे वडील स्टुडिओत आले, अल्बम काउंटरवर उघडला आणि पान उलटत गेले.

"आमची अम्मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

चाचा म्हणाले, "आहेत ना. मी स्वतः काढलेत."

"एकाही फोटोत नाही. खुर्ची डावीकडे ठेवली होती, तुमच्यासमोर. एका फोटोत खुर्चीचं चाक आहे. अम्मी नाही."

ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. अल्बम तिथेच ठेवून ते खाली उतरून गेले.  चाचा माझ्या खुर्चीकडे आले. "उठ," म्हणाले. "मी बघतो. काढलेत मी. तू वगळले असशील."

मी उठले. ते कॉम्प्युटरसमोर बसले, तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं आणि फोल्डर शोधायला लागले. मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही नावं मोठ्याने वाचली. "चाचा मूळ. चाचा ठीक." मग विचारलं, "हे काय आहे?"

 त्यांनी दोन्हींतला एकेक फोटो उघडला आणि शेजारी शेजारी लावला. एकच फोटो, नवरीच्या वडिलांचा. एकात सुरमई कोट, कोटाच्या शिवणी, कपाळावरचा घाम. दुसऱ्यात राखेसारखा फिका कोट आणि नाक-डोळे विरघळलेला चेहरा.

चाचांनी त्या फिक्या फोटोवर बोट ठेवलं. "हा माझा. बरोबर आहे हा." मग दुसऱ्यावर. "याला तू काळं केलंस. का?"

 मी जिन्यात जाऊन चाचींना हाक मारली. त्यांचं घर मागच्याच गल्लीत होतं, आणि दुपारचा डबा घेऊन त्या जिना चढतच होत्या. त्या वर आल्या, डबा ठेवला, चष्मा लावला. चाचांनी विचारलं, "सांग, यातला बरोबर कुठला?"

चाचींना काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्यांनी सरळ सुरमई कोटावर बोट ठेवलं. "हाच की. तो दुसरा तर पांढरा फटक आहे, अजी. कुणी काढला?"

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं. मग परत स्क्रीनकडे. मग खिडकीकडे, जिथून बाजारपेठेतलं दुपारचं ऊन आत येत होतं. खिडकीकडे ते फार वेळ बघत राहिले. "अंधार आहे ना आज?" त्यांनी चाचींना विचारलं. चाचींनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं नवीन पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एका अंधाऱ्या खोलीत एक मशीन होतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. हनुवटी टेकवून आत बघायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा डोळा. मी दाराशी उभी होते. मशीनमधून बारीक टकटक येत होती. प्रत्येक टकटकीला आत एक ठिपका लागत होता. चाचांचा अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता.

टकटक. टकटक. टकटक.

"चाचा, दिसलं की दाबायचं," तिथली मुलगी म्हणाली.

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "मशीन चालू केलंत का?"

 त्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

डॉक्टर वयस्क बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी कडा जातात, उजेड कमी वाटायला लागतो. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. "पण तुम्ही तर एका डोळ्याने काम करता," त्या चाचांना म्हणाल्या. "तुमच्या कामात आधी दिसायला हवं होतं. फोटोंत काही फरक जाणवला नाही?"

चाचा म्हणाले, "फोटो ठीक येत होते."

उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डाव्यातला अर्धा शिल्लक होता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं, तेही टिकलं तर. चाचींनी विचारलं, "आधी आलो असतो तर?" डॉक्टरांनी कागदावर औषध लिहिता लिहिता सांगितलं, "वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

त्या रविवारी मी स्टुडिओत एकटी बसले आणि "चाचा मूळ"मधले सगळे फोल्डर एकामागून एक उघडले. कुठल्या दिवशी मी किती उजेड खाली आणला होता, ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. शेरवानीच्या दिवशी पाऊण स्टॉप. हळदीला एक. रमजान ईदच्या फोटोंना सव्वा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दीड. पुढे दोन. आपट्याला तीन. डॉक्टरांना जे माहीत नव्हतं, चाचींना नव्हतं, खुद्द चाचांना नव्हतं, ते सगळं तारखेनिशी माझ्याकडे होतं. मीच माझ्या हाताने ते नोंदवत गेले होते आणि दर वेळी त्यावर पांघरूण घातलं होतं.

चाचा जवळजवळ महिनाभर स्टुडिओत आले नाहीत. मी येत होते, कामं करत होते, चाची डबा पाठवत होत्या. मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी थांबत थांबत. ते आले, त्यांच्या खुर्चीत बसले. कॅमेऱ्याच्या कपाटाकडे त्यांनी बघितलं नाही.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "का नाही बोललीस?"

उत्तर मी महिनाभर तयार केलं होतं. पण तोंडातून तेच निघालं जे खरं होतं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी मान हलवली. "वाटलं असतं, बेटा," ते म्हणाले. "चार दिवस वाटलं असतं."

यापेक्षा जास्त ते मला कधीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता पाच वर्षं होत आली. स्टुडिओ मी चालवते. चाचा रोज येतात, चाची त्यांना हाताला धरून आणतात. डाव्या डोळ्यातून त्यांना अजून थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, नवऱ्या मुलीला कसं उभं करायचं ते सांगतात. थेंब वेळेवर घालतात. तरी दर सहा महिन्यांनी त्या मशीनचा नवा कागद येतो आणि त्यावरचा काळा भाग आधीपेक्षा थोडा वाढलेला असतो. डॉक्टर म्हणतात, सावकाश चाललंय. सावकाश म्हणजे किती, ते कोणी विचारत नाही.

त्यांना एकच मुलगा आहे, कतारला असतो, चाळिशीच्या पुढचा. हा आजार घराण्यात उतरतो, वडिलांना असेल तर मुलांनी तपासून घ्यायलाच हवं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चाचा दर जुम्म्याला फोनवर त्याला विचारतात. कधी म्हणे रमजान झाल्यावर, कधी सुट्टीत आलो की. सुट्टीत आला तेव्हा लग्नं होती, पाहुणे होते, ते राहिलं. "मला काही त्रास नाही, अब्बा," तो म्हणतो. "नंबरसुद्धा नाही मला."

मागच्या आठवड्यात तो असाच बोलत होता. व्हिडिओ कॉल होता, फोन चाचींच्या हातात, चाचा शेजारी बसून आवाजाच्या दिशेला तोंड करून ऐकत होते. पलीकडून तो म्हणाला, "पुढच्या सुट्टीत नक्की." चाचांनी "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये काही जोर नव्हता.

मी उठले आणि चाचींच्या हातातून फोन घेतला. आयुष्यात त्यांच्या घरच्या बोलण्यात मी कधी पडले नव्हते.

"भाई," मी म्हणाले, "तुमच्या अब्बांना दिसत नाहीये हे मला वर्षभर आधीपासून माहीत होतं. मी त्यांचे फोटो सुधारून ठेवायचे. वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. म्हणून तुमच्याशी आता बोलते आहे. तुम्हाला राग आला तरी चालेल. सुट्टीची वाट बघू नका. तिथेच जा. याच आठवड्यात."

 फोनवरचं चित्र अडकलंय की तो गप्प आहे, तेच कळेना. चाचींनी तोंडाला पदर लावला होता. चाचा तसेच बसून होते, पण त्यांचा हात हळूहळू टेबलावरून माझ्या बाजूला सरकला आणि माझ्या मनगटाजवळ येऊन थांबला.

"कुठे जायचं असतं?" शेवटी पलीकडून आवाज आला. "डोळ्यांच्याच डॉक्टरकडे ना? त्यांना काय सांगू?"

मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. मग जरा थांबून म्हणाला, "रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे त्रास देतात हल्ली. ते पण सांगू का?"

चाचांनी डोळे मिटून घेतले. "सांगा," मी म्हणाले. "सगळं सांगा."

तो परवा जाऊन आला. कडा तपासायची टेस्ट झाली. त्याचा कागद अजून आलेला नाही. चाचा सकाळपासून स्टुडिओत बसले आहेत आणि फोन वाजला की विचारतात, "कुणाचा आहे?"